कोरड्या विहिरीतली घागर

मला कळायला लागलं तेव्हापासून आमच्या घरात विहिरीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. सकाळी आई चुलीपुढं बसली की तिच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि मळ्यातून येणारा, दगड फोडणाऱ्या सुतकीचा ठण्ण ठण्ण आवाज, दोन्ही एकदमच कानावर यायचे. एक जवळचा, मऊ. दुसरा लांबचा, कोरडा. सुरुंग उडवायचा असला की दादा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभं राहून लांबलचक हाळी द्यायचे. कोंबड्या गप्प व्हायच्या. आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून कान देऊन बसायची. मग जमिनीच्या पोटातून दणका यायचा आणि आमच्या धाब्याच्या छतातून चिमूटभर माती नेमकी पिठाच्या परातीत पडायची. आई ती माती बोटानं काढून टाकायची आणि म्हणायची, "आता लागंल." काय लागेल हे कुणी विचारायचं नाही. आमच्या घरात लागण्यासारखी एकच गोष्ट होती, पाणी.

आमचं गाव सोनईच्या अलीकडं, कोरडवाहू. गावाला मिळून एक आड, उन्हाळ्यात त्याच्याही तळाची माती पाण्याबरोबर वर यायची. दादांनी पाणाड्याला आणलं होतं. तो जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस हातात नारळ घेऊन आमच्या रानात दिवसभर फिरला आणि बांधाजवळच्या एका जागी थांबला. तिथं दादांनी कुदळ मारली. आईला इतका भरवसा की तिनं नगरच्या तांबटाकडून एक नवी कोरी तांब्याची घागर आणवून घेतली. पहिलं पाणी लागेल त्या दिवशी विहिरीची पूजा करायची आणि त्या घागरीनं पाणी काढायचं. तोवर ती घागर जुन्या लुगड्यात गुंडाळून उतरंडीमागं ठेवलेली. मी कधीकधी लुगड्याचं टोक बाजूला करून तिच्यात तोंड बघायची. तोंड ताटाएवढं रुंद दिसायचं.

मुरूम संपला, मांजऱ्या दगड संपला, मग काळा पाषाण लागला. पाषाणही फोडला. आठ परस खोल गेले, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहावीत एवढं. आणि एका दुपारी दादा पहार खांद्यावर घेऊन अवेळी घरी आले, पहार कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाले, "बास." आईनं त्या दिवशी हुलग्याची शेंगोळी केली होती. दादांनी खाली मान घालून ती खाल्ली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात फक्त भाकरीचा आवाज होता. तो एकटा आवाज मला इतका मोठा वाटला की मी उठून बाहेर गेले.

आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगीच वाट बघत बसेल. त्या विहिरीला पाणी कधीच लागलं नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट वेगळी आहे.

विहीर बंद झाल्यावर दादा त्या बांधाकडं फिरकायचे नाहीत. नांगर धरला तरी त्या टोकाची तासं अलीकडूनच वळवायचे. मोटेसाठी उभे केलेले बाभळीचे दोन खांब आणि त्यांच्यावरचं आडवं लाकूड तसंच राहिलं होतं, ते लांबून दिसायचं. गावात कुणाचं काही वाया गेलं की लोक म्हणायचे, "किसनरावाची हीर झाली." हसत म्हणायचे, वाईट हेतूनं नव्हे. पण दादांच्या कानावर गेलं की ते त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

आमच्या शाळेत त्या सुमारास पाठक गुरुजी आले. शाळा सातवीपर्यंतची, मारुतीच्या देवळाला लागून. मुली आम्ही तिघीच. गुरुजी नगरचे, उंच, किडकिडीत, डोक्याला काळी टोपी, आणि बोलताना हात असे हलवायचे की जणू हवेत काही मांडून ठेवताहेत. ते पुण्याच्या कॉलेजात शिकता शिकता घरच्या अडचणीनं परत आलेले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण शास्त्राचा तास आला की त्यांचा आवाज बदलायचा. दरवर्षी शाळेचं संमेलन व्हायचं, त्यात मुलं नाटक करायची. गुरुजींनी त्या वर्षी नाटकाऐवजी शास्त्राचे प्रयोग मांडायचं ठरवलं, आणि तेही गावासाठी, नुसतं शाळेसाठी नाही. गावात बातमी पसरली की शाळेत शास्त्राची जत्रा आहे. आमच्या देवळातल्या जोशीबुवांना वाटलं पोथीचं पारायण आहे. ते गुरुजींना विचारायला आले की कोणता अध्याय लावणार. गुरुजी म्हणाले, "बुवा, पहिलाच. पृथ्वी फिरते इथपासून."

पृथ्वी फिरते हे आम्हाला पाठ होतं. भूगोलाच्या पुस्तकात होतं आणि परीक्षेत लिहायचं असायचं. परीक्षेत ती फिरायची. शाळेबाहेर पाऊल टाकलं की थांबायची. गुरुजींना हे ठाऊक होतं. त्यांनी एक दिवस आख्ख्या वर्गाला कुंभारवाड्यात नेलं. कुंभाराच्या चाकावर तीन काठ्यांची तिकाटणी उभी केली आणि मधोमध सुतळीला एक कांदा टांगला. कांद्याला समोरच्या लिंबाच्या झाडाच्या दिशेनं झोका दिला आणि चाक अगदी सावकाश फिरवलं. काठ्या फिरल्या, चाक फिरलं, पण कांदा आपला लिंबाकडे जातोय आणि परत येतोय, लिंबाकडे जातोय आणि परत येतोय. त्याला चाकाचं काही घेणंदेणंच नव्हतं.

"आता समजा, या चाकावर एक मुंगी बसली आहे," गुरुजी म्हणाले. "तिला चाक फिरतंय हे कळत नाही. तिला काय दिसेल?"

मी म्हणाले, "कांदा वळतोय असं दिसंल."

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर. आपण त्या मुंग्या. आता आपल्याला एक मोठा कांदा टांगायचा आहे."

त्यासाठी उंच जागा हवी होती, जितकी उंच तितकी बरी, आणि वारा नको. वर्गात परत आल्यावर गुरुजींनी विचारलं, अशी जागा गावात कुठं आहे. कुणी देवळाचं शिखर म्हणालं, कुणी पाटलाचा वाडा. मागच्या बाकावरून नामदेव म्हणाला, "गुरुजी, किसनरावाची हीर हाय की. लई खोल हाय, आन पान्याची बी अडचन न्हाई." सगळा वर्ग हसला. मी पाटीकडं बघत बसले. हसणं थांबलं तेव्हा मान वर केली, तर गुरुजी हसत नव्हते. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांचे हात हळूहळू हवेत काहीतरी मांडत होते.

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दादा ओट्यावर दावं वळत होते. आईनं घोंगडी टाकली, गुळाचा चहा दिला. गुरुजींनी सगळं नीट समजावून सांगितलं, कांदा, चाक, मुंगी, सगळं. दादा दावं वळतच राहिले. मग म्हणाले, "गुर्जी, एकदा हसले लोकं. आता तुमी म्हंता, त्यास्नी परत हसाया बोलवू?"

"हसणार नाहीत, किसनराव."

"आन न्हाई फिरली तर?"

"पृथ्वी फिरतेच," गुरुजी म्हणाले. "माझ्याकडून काही चुकलं तर दिसणार नाही. मग हसतील ते मला."

"तुमाला कशाला हसतील? हीर माजी हाय." दादांनी दाव्याला गाठ मारली. त्यांचं बोलणं संपलं होतं. गुरुजी उठले, त्यांनी आईला नमस्कार केला आणि पायऱ्या उतरू लागले. तेवढ्यात आईनं विचारलं, "त्ये टांगायचं कशाचं करनार हाय, गुर्जी?"

गुरुजी म्हणाले, एखादं जड, गोल भांडं मिळालं तर बरं, त्यात वाळू आणि लोखंडाचा चुरा भरायचा. आई आत गेली. उतरंडीमागं खुडबुड झाली, आणि ती लुगड्यातलं ते गाठोडं दोन्ही हातांत धरून बाहेर आली. तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि सोडलं. दिवेलागणीच्या उजेडात तांबं लालभडक दिसलं. दादांचे हात थांबले.

"अगं, ही हिरीसाठी आनल्याली," ते म्हणाले.

"मंग हिरीतच चालली न्हवं," आई म्हणाली. "किती दीस झाकून ठिवायची?"

दादा उठून गोठ्याकडं गेले. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना बघितलं, तर बांधाजवळ विहिरीच्या तोंडाशी घमेलं दिसलं आणि आतून खोऱ्याचा आवाज येत होता. पावसाळ्यात आत ढासळलेली माती दादा एकटे उपसत होते.

मग कामाची धांदल उडाली. गुरुजींनी नगरहून पोलादी तार आणली. लोहारानं आडव्या लाकडात तार घट्ट धरणारा चिमटा ठोकला, आणि घागरीच्या बुडाला मधोमध एक टोकदार खिळा जोडून दिला. आईनं तो खिळा बघितला आणि घागरीवरून एकदा पदर फिरवला. विहिरीत उतरायला कडेनं दगडात खोबण्या होत्या. पोरांनी तळ सपाट केला, शेणानं सारवला. वाळूनं भरलेली घागर तारेला लावून खाली सोडली तेव्हा ती तळापासून वीतभर वर तरंगत राहिली. विहिरीच्या तोंडातून खाली बघितलं की अंधारात एक लाल ठिपका.

पहिल्या दिवशी करून बघितलं ते पार बिघडलं. मोठ्या पोरांनी घागर ओढून सोडली आणि सोडताना तिला कुणाचा तरी हात लागला. घागर सरळ झोका घेईना. तेल्याच्या घाण्याचा बैल फिरावा तशी लांबट गोल गोल फिरायला लागली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वर बांधावर दोनचार माणसं उभी होती, त्यांतला एक म्हणाला, "पान्याची वाट बघतीया वाटतं." दादा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मान फिरवली. गुरुजी विहिरीच्या तळाशी बसून राहिले, टोपी मांडीवर, तोंडावर मातीचे ओघळ. मला वाटलं आता झालं. गुरुजी वर आले आणि थेट गावाकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले तेच हसत. कॉलेजात वाचलेली एक गोष्ट त्यांना आठवली होती. घागरीला माणसाचा हातच लागू द्यायचा नाही. तिला सुती दोऱ्यानं एका बाजूला ओढून बांधायचं, ती अगदी निश्चल होईपर्यंत थांबायचं आणि मग दोरा जाळायचा. दोरा तुटला की घागर आपोआप निघेल, कुणी ढकललं म्हणून नाही. इतकी साधी गोष्ट, पण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. माणसानं मध्ये यायचं नाही, नुसतं बाजूला व्हायचं, मग जे आहे ते दिसतं. पुढं आयुष्यभर मी शास्त्र शिकवलं. त्या एका वाक्यापलीकडं मुलांना फारसं काही सांगू शकले असं मला वाटत नाही.

शिमगा होऊन गेला होता, पाडवा यायचा होता. उन्हं तापायला लागली होती. जत्रेच्या दिवशी सकाळपासून माणसं आली. सोनईहून गाड्या आल्या, शेजारच्या वाड्यांवरून बायका पोरं काखेत घेऊन आल्या. शाळेत भिंगानं कागद पेटवणं, लोहचुंबक, काचेच्या लोलकातून भिंतीवर पडणारे रंग, असे प्रयोग होते, आणि लोक ते बघून खूश होत होते. पण खरी गर्दी आमच्या मळ्यात. विहिरीभोवती दोर बांधून गोल केला होता, त्याच्याबाहेर माणसं दाटीनं उभी.

माझं काम रांगोळीचं. घागर ज्या रेषेत झोका घेणार ती रेषा मला तळावर काढायची होती. मी खोबण्यांतून उतरले. खाली गारवा होता, शेणाचा ओला वास होता, आणि वर बघितलं तर आभाळाची एक निळी परात आणि तिच्या काठावर सगळीकडून डोकावणारी तोंडं. घागर दोऱ्यानं भिंतीकडं ओढून बांधलेली, थांबलेली. मी गुडघ्यावर बसून तिच्याखालून समोरच्या भिंतीपर्यंत रांगोळीची रेघ ओढली. तेवढी सरळ रेघ मी नंतर कधी काढली नाही.

गुरुजींनी दादांना हाक मारली. "किसनराव, दोरा तुम्ही जाळायचा."

वरून कुणीतरी खाकरलं. दादा खोबण्यांना पाय लावत खाली आले. काम थांबवल्यापासून इतक्या माणसांसमोर ते पहिल्यांदाच त्या विहिरीत उतरत होते. त्यांनी चिलमीसाठी जवळ असलेली काडी ओढली आणि दोऱ्याला लावली. दोरा काळा पडला, लाल झाला आणि तुटला.

घागर निघाली. आवाज नाही, हिसका नाही. इतक्या सावकाश गेली की मला वाटलं ती समोरच्या भिंतीशी जाऊन थांबणार. पण भिंतीपाशी क्षणभर घुटमळून ती परतली, खिळ्याचं टोक बरोबर रांगोळीच्या रेघेवरून. गेली, आली. गेली, आली. गुरुजी वरच्या माणसांना समजावून सांगत होते: ही घागर वळणार नाही, तिला वळवणारं कुणी नाही. ती वळलेली दिसली तर समजा की रेघ वळली, विहीर वळली, आपण सगळे वळलो.

सुरुवातीला लोक टक लावून बघत होते, मग कंटाळले. तुकाबाबा म्हणून आमच्या गावचे एक म्हातारे होते, ते म्हणाले, "गुर्जी, झोका तर आमी बी बघितलाय पोरीबाळींचा." लोक हसले. काही शाळेकडं परतले. बायका सावलीत बसून गूळ-शेंगदाणे खात होत्या. मी आणि दादा खालीच राहिलो, भिंतीला पाठ लावून. दादा नुसते बघत होते, कुणी काही वाचत असावं तसे.

आधी मला वाटलं माझे डोळे थकलेत. खिळ्याचं टोक रेघेच्या कडेला लागत होतं. मग कडेच्या बाहेर. भिंतीजवळ आलं की रेघ आणि टोक यांच्यात बोट मावेल एवढी फट दिसायला लागली. मग दोन बोटं. मी दादांचा हात धरला. त्यांना आधीच दिसलं होतं.

दुपार झाली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत तळापर्यंत आलं. प्रत्येक झोक्याला घागर सावलीतून उन्हात यायची आणि पेटल्यासारखी झळकायची. आणि आता वर उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होतं. पांढरी रेघ एकीकडं आणि घागर तिला तिरकी छेदून दुसरीकडं चाललेली. वरचं बोलणं हळूहळू बंद झालं. शाळेकडं गेलेली माणसं परत आली, मागच्यांना पुढच्यांनी जागा दिली. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी त्यानंतर कुठं अनुभवली नाही, देवळातही नाही. जोशीबुवा काठावर उकिडवे बसले होते. ते अगदी हळू म्हणाले, "प्रदक्षिणेच्या दिशेनं वळतेय." खरंच तशीच वळत होती. तुकाबाबांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि पायांखालच्या जमिनीकडं बघितलं. मग त्यांनी शेजारच्या माणसाचा दंड धरला, पडू नये म्हणून. कुणी त्यांना हसलं नाही, कारण सगळ्यांनीच कशाला तरी धरलं होतं.

मोठेपणी मी परगावच्या संग्रहालयांत असे लंबक पाहिले, संगमरवरी फरशीवर, पितळी गोळ्यांचे. लोक क्षणभर थांबतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. मला दरवेळी विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं होतं. आपण ज्याला पक्कं, हलणार नाही असं समजून त्यावर घर बांधतो, रान पेरतो, ते सगळं आपल्याला घेऊन चाललंय, आणि ते कळायला तांब्याची एक घागर पुरते. त्या वेळी मला भीती वाटली नाही. मला फार मोठ्या कशाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटलं.

दिवस कलला तशी माणसं पांगली. घागरीचा झोका लहान होत होत वीतभरावर आला होता, तरी रेघेशी तिनं धरलेला तिरपेपणा सोडला नव्हता. गुरुजी वरून म्हणाले, "किसनराव, चला, थांबवू या तिला." दादा म्हणाले, "असू द्या, गुर्जी. तिची ती थांबंल." मग गुरुजीही आईनं दिलेली भाकरी आणि ठेचा घेऊन काठावर बसले. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. इतक्या भुकेनं आणि इतक्या आनंदानं भाकरी खाणारा माणूस मी पाहिला नव्हता.

खाली उजेड कमी व्हायला लागला. दादांनी तळावर हात ठेवला, पंजा पसरून, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला.

"कुसुम," ते म्हणाले, "म्हंजी मी हितं खनत हुतो, तवा बी ह्ये फिरत हुतं?"

"व्हय, दादा."

"पाषान लागला तवा बी? बास म्हनलं, त्या दिशी बी?"

"व्हय."

ते घागरीकडं बघत राहिले. मग हलक्या आवाजात, माझ्याशी नव्हे, म्हणाले, "मला वाटलं हुतं, समदं थांबलंय."